चांगला बनवलेला, तरीही सामान्य: गेम नेमका कुठे कमी पडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एखाद्या गेमचे ग्राफिक्स उत्तम आहेत, आवाज उत्तम आहे, तो मध्येच बंद पडत नाही, बटणे वेळेवर चालतात, आणि तरीही आठ-दहा तासांनंतर तो पुन्हा उघडावासा वाटत नाही. हा दोष खेळणाऱ्याच्या वयाचा आणि सवयीचा, की गेमचा? दोष गेमचा असेल तर तो निरनिराळ्या प्रकारच्या गेममध्ये कसा ओळखायचा, आणि असे गेम सवलतीत मिळाले तर घ्यावेत का?

गेली सोळा वर्षे मी पुण्यात आधी गेमच्या चाचणीचे आणि नंतर लेव्हल डिझाइनचे काम करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की बहुतेक वेळा दोष गेमचा असतो. मात्र तो बिघाडाच्या स्वरूपात नसल्यामुळे बोट ठेवून दाखवता येत नाही. चाचणीच्या खोलीत आमच्याकडे चुका नोंदवण्याचा तक्ता असे. ‘दार उघडत नाही’ ही तक्रार त्यात नोंदवता येई. ‘हे दार उघडले काय आणि न उघडले काय, पुढे काहीच बदलत नाही’ ही तक्रार नोंदवायला मात्र रकाना नव्हता. सामान्य दर्जाचे गेम याच रिकाम्या जागेतून बाजारात येतात. त्यांचा प्रत्येक भाग आपापल्या जागी नीट चालतो, पण एका भागाचा दाब दुसऱ्या भागावर पडत नाही.

म्हणून मी कोणताही गेम पारखताना त्यातला एखादा भाग मनातल्या मनात काढून टाकतो आणि बाकीच्या गेमला त्याची उणीव जाणवते का, ते पाहतो. चांगल्या गेममध्ये एक भाग काढला की दुसरे दोन कोसळतात, आणि सामान्य गेममध्ये काही होत नाही. पुढची सगळी उदाहरणे मी याच कसोटीवर पाहिली आहेत.

त्याआधी गुणांबद्दल थोडे, कारण ‘सामान्य’ हा शब्द वाचक बहुधा गुणांवरून ठरवतात. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर चित्रपटाला ६१ गुण मिळाले की हिरवा रंग मिळतो, पण गेमला त्यासाठी ७५ लागतात, आणि ५० ते ७४ हा सगळा पट्टा पिवळा असतो. म्हणजे ७२ गुणांचा चित्रपट स्वागतार्ह आणि ७२ गुणांचा गेम ‘संमिश्र’ ठरतो. या आकड्यांवर पैसेही ठरतात. २०१०च्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’साठी ऑब्सिडियन या स्टुडिओला ८५ गुणांच्या अटीवर बोनस मिळणार होता. गेमला ८४ मिळाले आणि बोनस हुकला, हे त्या संस्थेचे क्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. त्या ८४ गुणांच्या गेमविषयी लोक आजही वाद घालतात, तर ८० ओलांडलेले काही गेम महिन्याभरात विसरले जातात. तेव्हा सामान्यपणा शोधायचा तर आकडा बाजूला ठेवून गेममध्येच शोधावा लागेल.

सगळ्यांत शिकण्यासारखे उदाहरण भयपटासारख्या गेमचे आहे. ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ २ डिसेंबर २०२२ रोजी आला. त्याचे दिग्दर्शक ग्लेन स्कोफिल्ड हे २००८च्या ‘डेड स्पेस’चे कार्यकारी निर्माते होते, त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. दिसायला हा गेम त्या वर्षीच्या सर्वोत्तम गेमपैकी एक आहे. गुरूच्या उपग्रहावरचा तो तुरुंग, ओल्या भिंती, चेहऱ्यावरचा घाम, दूरवरून येणारा धातूचा आवाज हे सारे मन लावून केलेले काम आहे. पण मारामारी पाहा. शत्रू वार करायला येतो तेव्हा कंट्रोलरची स्टिक डावीकडे किंवा उजवीकडे धरून ठेवायची, आणि पुढच्या वाराला उलट बाजूला. वार कोणत्या क्षणी येतो याला महत्त्व नाही आणि कोणत्या बाजूने येतो यालाही नाही. डावे, उजवे, डावे असे करीत राहिले की माणूस वाचतो. वार चुकवण्याच्या कृतीत पाहणे, ओळखणे आणि वेळ साधणे या तीन गोष्टी असतात, आणि इथे तिन्ही काढून टाकलेल्या आहेत. शत्रूची हालचाल बनवणाऱ्या कलाकाराने त्याच्या खांद्याचा झोक कितीही बारकाईने रेखाटला असला, तरी खेळाडूला तो पाहण्याची गरजच उरत नाही. भयाचा गेम आणि शत्रूकडे पाहण्याची गरज नाही, ही रचनेतली मूळ विसंगती आहे. एकाच वेळी दोन-तीन शत्रू अंगावर आले की हीच पद्धत मोडून पडते, कारण ती एकास एक लढतीसाठी बेतलेली आहे. मग खेळाडूला कठीण वाटते, पण ते कठीणपण त्याच्या चुकीतून आलेले नसते. शेवटाकडे दोन डोक्यांचा तोच शत्रू पुन्हा पुन्हा समोर आणला जातो, आणि प्रत्येक वेळी लढत जवळपास तशीच असते.

याउलट ‘डेड स्पेस’मध्ये शत्रूचे डोके उडवून भागत नव्हते, हातपाय तोडावे लागत. त्या एका नियमाने सगळा गेम बांधला गेला होता. गोळ्या मोजक्या असत, म्हणून नेम महत्त्वाचा. नेम महत्त्वाचा, म्हणून शत्रूला क्षणभर मंद करणारे साधन मोलाचे. ते साधन मर्यादित, म्हणून कोणत्या शत्रूवर वापरायचे हा निर्णय मोलाचा. आणि हे सगळे असल्यामुळे खेळाडूला त्या भेसूर शरीराकडे नीट पाहावेच लागे. भीती तिथून येत होती. ‘कॅलिस्टो’मध्ये शत्रूला उचलून काटेरी भिंतीवर फेकणारा हातमोजा आहे, आणि तो खरोखर मजेदार आहे. पण बाकीच्या लढतीशी त्याचे काही देणेघेणे नाही. तो काढून टाकला तरी डावे-उजवे तसेच चालू राहते.

याच जातीचा एक दोष २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनबरोबर आलेल्या ‘राइज: सन ऑफ रोम’मध्ये होता. शत्रूला संपवण्याच्या क्षणी पडद्यावर बटणाचा रंग दिसतो, पण बटण दाबले नाही तरी शत्रू मरतोच. बक्षीस थोडे कमी मिळते, इतकेच.

मोटारींच्या शर्यतींचा प्रकार वेगळा आहे, म्हणून तिथे सामान्यपणा वेगळ्या वेशात येतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या ‘नीड फॉर स्पीड पेबॅक’मध्ये गाडी चालवण्याचा अनुभव वाईट नव्हता. वाळवंट, डोंगर आणि शहर असा मोठा नकाशा होता आणि गाड्यांची निवडही भरपूर होती. पण गाडीची ताकद वाढवण्यासाठी कार्डे वापरावी लागत. शर्यत जिंकली की तीन झाकलेल्या कार्डांतून एक मिळे, आणि त्यावर काय निघेल हे नशिबावर. नको असलेली कार्डे देऊन नव्या कार्डासाठी जुगाराच्या यंत्रासारखे चक्र फिरवायचीही सोय होती. प्रत्येक शर्यतीवर गाडीचा अपेक्षित स्तर लिहिलेला असे, आणि स्तर कमी असेल तर कौशल्य असूनही मागे पडायचे. म्हणजे गाडी कशी चालवली यापेक्षा पत्ते कसे पडले यावर प्रगती अवलंबून राहिली. ही कार्डे काढून टाकली असती तर गेमला उणीव जाणवली नसती, उलट तो सुधारला असता, आणि माझ्या मते सामान्य रचनेची यापेक्षा स्पष्ट खूण नाही. टीका झाल्यावर निर्मात्यांनी बक्षिसे वाढवली, पण रचना तीच राहिली. आणखी एक गोष्ट मला जास्त खुपते. चालत्या ट्रकवर उडी मारण्यासारखे सर्वांत थरारक क्षण या गेममध्ये कटसीनमधून, म्हणजे खेळाडूने नुसत्या पाहायच्या दृश्यांतून, दाखवले जातात. ज्या क्षणासाठी खेळाडूने गेम घेतला, नेमक्या त्या क्षणी त्याच्या हातातला कंट्रोलर निरुपयोगी होतो.

ज्यांनी सायबर कॅफेमध्ये तासाचे पैसे मोजून २००५चा ‘मोस्ट वाँटेड’ खेळला, त्यांना फरक आपोआप कळेल. महाराष्ट्रातल्या एका पिढीला गाड्यांच्या गेमची गोडी त्याच गेमने लावली. त्यात पंधरा जणांची यादी होती, आणि पुढच्या स्पर्धकाला आव्हान द्यायचे तर शर्यती जिंकून भागत नसे, स्वतःवरचे इनामही ठरावीक आकड्यापर्यंत वाढवावे लागे. इनाम वाढे पोलिसांच्या पाठलागातून. पाठलाग जितका लांबवावा तितके इनाम जास्त, पण पोलीसही तितकेच आक्रमक, आणि सापडलात तर त्या पाठलागाची कमाई गेली. म्हणून प्रत्येक पाठलागात ‘आता निसटू का आणखी थोडे थांबू’ हा प्रश्न खेळाडूसमोर उभा राही. शर्यतीतून पाठलाग काढला तर यादी पुढे सरकत नव्हती, आणि यादी काढली तर पाठलागाला अर्थ उरत नव्हता. वीस वर्षांनंतरही तो गेम आठवतो, त्याचे मुख्य कारण हे आहे.

मोठ्या मोकळ्या जगांचे, म्हणजे ओपन वर्ल्ड गेमचे, दोन नमुने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला सप्टेंबर २०१५चा ‘मॅड मॅक्स’. कथेतले जग पेट्रोल आणि पाण्यासाठी तडफडणारे आहे. गाडीत इंधनाची टाकी आहे, ते संपत जाते आणि वाटेत डबे भरून घ्यावे लागतात. कागदावर ही रचना अगदी योग्य वाटते, पण प्रत्यक्षात इंधन इतके सहज मिळते की संपूर्ण गेममध्ये टाकी रिकामी होण्याची वेळ फारशी येत नाही. इंधनाचा काटा पडद्यावरून काढून टाकला तरी खेळाडू तेच करील जे तो आधी करत होता. नकाशावरचे तळ जिंकायचे, बुजगावण्यांसारखे उभारलेले मनोरे पाडायचे, भंगार गोळा करायचे, आणि हेच पुढच्या प्रदेशात पुन्हा. याच गेममधला एक भाग मात्र पहिल्या दर्जाचा आहे. शत्रूच्या गाड्यांचा ताफा ठरलेल्या वाटेने फिरत असतो आणि आपण त्याच्या मागे लागतो. हार्पूनने एका गाडीचे चाक उपटायचे, दुसऱ्या गाडीचा चालक बाहेर खेचायचा, तोवर तिसरी गाडी बाजूने धडक देते. वेग, शस्त्र, गाडीची बांधणी आणि वाळूतले वळण हे सगळे तिथे एका वेळी कामाला लागतात. निर्मात्यांना आपल्या गेमचे हृदय सापडले होते, पण त्यांनी ते नकाशावरच्या असंख्य खुणांपैकी एक खूण म्हणून ठेवले.

दुसरा नमुना एप्रिल २०१९चा ‘डेज गॉन’. आल्या वेळी त्याला ७०च्या आसपास गुण मिळाले, आणि पहिल्या दहा-बारा तासांपुरता तो निकाल मला अन्यायकारक वाटत नाही. संथ संवाद, एकसारखी कामे, आणि मोटारसायकलवरून सतत इकडून तिकडे. पण या गेममध्ये रोगाने हिंस्र झालेल्या शेकडो बाधितांचे थवे आहेत आणि त्यांच्याशी लढायची वेळ येते तेव्हा आधीचे सगळे सुटे भाग एकदम जुळतात. मोटारसायकल कुठे उभी केली, टाकीत पेट्रोल किती, पळताना दम किती पुरेल, स्फोटके कुठे पेरली, अरुंद जागा कोणती, आवाज किती झाला यांपैकी एक गोष्ट जरी विसरली तरी थवा अंगावर येतो. इथे पेट्रोलचा काटा काढून टाकता येत नाही. दुर्दैव एवढेच की मुख्य कथा खेळाडूला या थव्यांशी लढायला फार उशिरा लावते, आणि तोपर्यंत अनेकांनी गेम सोडलेला असतो. समीक्षकांनी गुण देताना पहिला अर्धा भाग मोजला, तर चाहते आठवणीत दुसरा अर्धा ठेवतात. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे.

ऑनलाइन एकत्र खेळायच्या गेममध्ये हा तुटकपणा सर्वांत महाग पडतो, कारण तिथे खेळाडूने शेकडो तास द्यावेत अशी अपेक्षा असते. बायोवेअर या स्टुडिओचा ‘अँथम’ फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. त्यातले उड्डाण आजही मला अप्रतिम वाटते. चिलखत घालून कड्यावरून उडी मारायची, इंजिन तापू लागले की धबधब्यातून जाऊन किंवा पाण्यालगत उडून ते थंड करायचे, आणि पुन्हा वर जायचे. उड्डाण आणि निसर्ग यांची इतकी सुंदर सांगड फार थोड्या गेममध्ये आहे. पण मग मोहीम सुरू होते, आणि मोहीम म्हणजे जमिनीवर उतरून एका वर्तुळात उभे राहणे, शत्रूंची लाटेमागून लाट मारणे, विखुरलेल्या वस्तू गोळा करून एका जागी आणणे. उड्डाण तिथे फक्त जाण्या-येण्याचे साधन उरते. निर्मितीच्या काळात उड्डाण ठेवायचे की काढायचे यावर स्टुडिओत अनेकदा निर्णय फिरला होता, हे नंतर पत्रकारांनी उघड केले. गेम खेळताना ते जाणवे, कारण जी गोष्ट राहील की नाही हे माहीत नाही, तिच्याभोवती लढतीची रचना कोण करील? शस्त्रांच्या बाबतीतही तसेच झाले. सुरुवातीला मिळणारी साधी रायफल पुढच्या दुर्मीळ शस्त्रांपेक्षा जास्त परिणामकारक ठरते, हे खेळाडूंनी महिन्याभरात शोधून काढले. लुटीसाठी, म्हणजे नवनवी शस्त्रे मिळवण्यासाठी, खेळायच्या गेममध्ये लूट काढून टाकली तरी चालते असे सिद्ध झाल्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही. गेमची फेररचना करण्याचा प्रकल्प फेब्रुवारी २०२१ मध्ये थांबवण्यात आला.

युबिसॉफ्टचा ‘स्कल अँड बोन्स’ फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, तेव्हा कंपनीचे प्रमुख इव्ह गिलेमो यांनी तो चार ‘ए’ दर्जाचा, म्हणजे मोठ्या खर्चाच्या तीन ‘ए’ गेमच्याही वरचा, गेम असल्याचे म्हटले होते. हा गेम हिंदी महासागरात घडतो, म्हणून मी तो विशेष उत्सुकतेने खेळलो. तोफांची लढाई चांगली आहे, समुद्र सुंदर आहे. पण शत्रूचे जहाज खिळखिळे करून दोर टाकले की पुढे काय होते? एक छोटी कटसीन दिसते आणि माल आपल्या कोठारात येतो. त्या डेकवर आपण पाय ठेवत नाही. याच कंपनीच्या २०१३च्या ‘ब्लॅक फ्लॅग’मध्ये दोरावरून झोका घेऊन शत्रूच्या डेकवर उतरता येत होते, म्हणून ही उणीव जास्त बोचते. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते शत्रूला मागून गाठत आणि माणसे त्याच्या जहाजावर चढवत, हे ज्याने शाळेपासून ऐकले आहे त्याला तर चाचेगिरीच्या गेममध्ये नेमका तोच क्षण वगळल्याचे विशेष वाईट वाटते.

डावपेचांच्या गेमबद्दल बोलताना अधिक काळजी घ्यावी लागते, कारण तिथे सामान्यपणा लक्षात यायला पन्नास तास लागू शकतात. ऑक्टोबर २०१४च्या ‘सिव्हिलायझेशन: बियॉन्ड अर्थ’ला समीक्षकांनी ८० च्या पुढे गुण दिले. या मालिकेतले तंत्रज्ञानाचे झाड, म्हणजे शोध लावण्याचा ठरलेला क्रम, जाऊन जाळे आले आहे, परग्रहावरचे जीव आहेत, मानवजातीने पुढे काय व्हावे याच्या तीन विचारधारा आहेत. वाचताना मन भरून येते. पण पलीकडे बसलेले नेते पाहा. भारतीय उपखंडाच्या वतीने कविता ठाकूर नावाची नेती आहे, तिची वेशभूषा आणि आवाज यांवर काम झालेले दिसते, आणि तरीही वाटाघाटीत ती ब्राझीलच्या किंवा रशियाच्या नेत्यासारखीच वागते. वेगळेपण आकड्यांत आहे, स्वभावात नाही. १९९९च्या ‘अल्फा सेंटॉरी’मध्ये प्रत्येक नेता एका विचाराचा प्रतिनिधी होता, आणि आपण आपला समाज कसा चालवतो यावर त्याचे आपल्याशी असलेले नाते ठरे. पर्यावरणवादी नेतीच्या शेजारी राहून मोकळ्या बाजाराचे धोरण स्वीकारले की ती शत्रू होई. धोरण आणि राजनीती अशी एकमेकांत अडकलेली होती. ‘बियॉन्ड अर्थ’मधून कोणताही नेता काढून दुसरा बसवला तरी डाव तसाच राहतो. २०१५च्या ‘रायझिंग टाइड’ या विस्तारात वाटाघाटींची पद्धत बदलण्यात आली, यावरून निर्मात्यांनाही दुखणे कुठे आहे हे कळले होते असे मी मानतो.

एकाच स्टुडिओने आपला दोष स्वतः दुरुस्त केल्याचे उदाहरण उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये सापडते. ‘युका-लेली’ एप्रिल २०१७ मध्ये आला, त्याआधी लोकवर्गणीतून त्याच्यासाठी २० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली होती. जुन्या आवडत्या गेमची आठवण जागवण्याचे वचन होते, आणि ते पाळलेही. पण पाच जगे गरजेपेक्षा मोठी होती, आणि वस्तू गोळा करून तीच जगे आणखी मोठी करता येत. मोठी झाल्याने ती अधिक रिकामी झाली, कारण नव्या जागेत नवा प्रश्न नव्हता. अडीच वर्षांनी याच चमूने ‘इम्पॉसिबल लेअर’ आणला. त्यातली शेवटची लेव्हल गेम सुरू केल्याबरोबर कधीही खेळून पाहता येते, पण ती जवळपास अशक्य आहे. दुसरी प्रत्येक लेव्हल पूर्ण केली की एक मधमाशी सुटते, आणि ती मधमाशी शेवटच्या लेव्हलमध्ये आपल्यावरचा एक फटका झेलते. इतका साधा नियम आहे, पण त्यामुळे प्रत्येक लहान विजयाचा शेवटच्या परीक्षेशी हिशेब जुळतो. नकाशावर पाणी सोडले की संबंधित लेव्हल पाण्याखाली जाते आणि तीच जागा नव्याने खेळायला मिळते. माणसे तीच, पात्रे तीच, पैसा बहुधा कमीच. बदलली ती भागांची जोडणी, आणि गेम सामान्य राहिला नाही.

आपल्याकडच्या गेमकडे मी याच नजरेने पाहतो, कारण सहानुभूतीपोटी गप्प राहणे हा त्या माणसांच्या कष्टांचा मान नव्हे. २६ जानेवारी २०२१ रोजी मोबाइलवर आलेल्या ‘फौजी’विषयी थोडक्यात सांगता येईल. गलवान खोऱ्याची पार्श्वभूमी होती, बंदुकीविना हातघाईची लढत होती, आणि ही कल्पना धाडसी होती. पण शत्रू एकामागून एक येत, आणि एकच हल्ला-बचाव पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत पुरे. उंची, थंडी, अरुंद वाट यांतली एकही गोष्ट लढतीत उतरली नाही. मागचे चित्र बदलून वाळवंट ठेवले असते तरी खेळ तोच राहिला असता.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा त्यापेक्षा फार वरचा आणि म्हणून अधिक चर्चेला योग्य असा गेम आहे. २०१७ मधली लोकवर्गणीची मोहीम फसल्यावर हे लोक खचले नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर गेम आला, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकनही मिळाले. राजस्थानी वास्तू, बाली बेटांची छाया, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली कथा, भिंतीवरच्या चित्रांतून उलगडणारी दुर्गा आणि विष्णू यांची आख्याने हे सारे पाहताना मला व्यावसायिक अभिमान वाटला. तरीही कसोटी तीच लावली पाहिजे. राजी खांबांवर चढते, भिंतीवरून धावते आणि लढतीत याच हालचाली वापरते, तेव्हा वास्तू आणि लढत एक होतात. पहिल्या तासाभरातली ही लढत उत्तम आहे. पुढे मात्र शत्रूंचे प्रकार थोडे, त्यांना चीत करण्याच्या वाटा त्याच, कॅमेरा लांबून स्थिर असल्याने उडीचा अंदाज चुकतो, आणि भिंतीवरची सुंदर आख्याने लढतीपासून वेगळी राहतात. खेळाडू थांबतो, चित्र पाहतो, कथा ऐकतो आणि पुढे जातो. त्या कथेने त्याच्या त्रिशूळाला काही शिकवलेले नसते. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, त्याने कथा जवळची झाली, पण हा सांधा तसाच राहिला.

आता खरेदीविषयी. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, पण त्या दोन तासांवर फार विसंबू नये. प्रत्येक निर्माता आपले सर्वोत्तम काम तिथेच ठेवतो, आणि ‘अँथम’चे पहिले दोन तास पाहून कुणीही तो परत केला नसता. त्यापेक्षा एखाद्या खेळाडूचे आठव्या तासाचे न कापलेले चित्रीकरण वीस मिनिटे पाहावे, आणि त्या वीस मिनिटांत त्याला थांबून विचार करावा लागला का, एवढेच मोजावे. वर आलेल्या गेमपैकी ‘डेज गॉन’ मी निःशंकपणे घ्यायला सांगेन, फक्त अर्ध्यावर सोडू नका. ‘मॅड मॅक्स’ सवलतीत मिळाला तर घ्या, पण सगळे तळ जिंकण्याच्या मागे न लागता ताफ्यांमागे जा. ‘इम्पॉसिबल लेअर’ पूर्ण किमतीतही परवडतो. ‘राजी’ लहान आहे, चार-पाच संध्याकाळींत संपतो, आणि तो जरूर खेळावा. ‘कॅलिस्टो’ फक्त पाहण्यासाठी घ्यायचा असेल तर सर्वांत सोप्या पातळीवर खेळा. ‘पेबॅक’ मात्र घेऊ नका. जुन्या संगणकावर ‘मोस्ट वाँटेड’ अजून चालत असेल तर तोच लावा.